बकरा

सर्वांत थोर रॅपरला हिप-हॉपवाले 'गोट' म्हणतात. 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम'ची आद्याक्षरं जोडली की इंग्रजीत बकरा तयार होतो. एलएल कूल जे या रॅपरने २००० साली आपल्या अल्बमचं नावच ते ठेवलं आणि मग हा बकरा असा मोकाट सुटला की आज कुठल्याही खेळाच्या मैदानात चरताना दिसतो. आपल्याकडे बकरा म्हणजे ज्याला कापतात तो. हे दोन्ही अर्थ एका शनिवारी एकाच दुकानात, एकाच खुर्चीवर जमून आले. खुर्चीवर मी होतो.

दुकान केस कापायचं. जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरपासून चालत सात मिनिटांवर. नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात दुकानाचा वाटा थोडा आणि माझ्या जिभेचा जास्त. खरं तर माझ्या डोक्यावर आता उरलंय तेवढं पीक काढायला दुकानाची गरज नाही. बायको घरच्या घरी मशीन फिरवायला एका पायावर तयार आहे. पण मी तिथे जात होतो तो वाद ऐकायला.

वादाचं नाव 'टॉप फाइव्ह, डेड ऑर अलाइव्ह'. हयात असोत वा नसोत, पाच रॅपर सांगायचे, तेही क्रमाने, आणि मग त्या क्रमासाठी दुपारपर्यंत भांडायचं. पहिल्या खुर्चीचा कारागीर ब्रुकलिनचा, त्यामुळे बिगीचा भक्त. नोटोरियस बी.आय.जी. उर्फ बिगी ९ मार्च १९९७ला लॉस एंजेलिसमध्ये गोळीबारात गेला, वय २४. हयातीत त्याचा स्वतःचा एकच अल्बम आला, दुसरा तो गेल्यावर सोळा दिवसांनी. 'एका अल्बमवर पहिला नंबर कसा?' असं विचारणाऱ्याचे कल्ले तिरपे निघतात, हे जुनी गिऱ्हाइकं नव्यांना आधीच सांगून ठेवत. दुसऱ्या खुर्चीचा कारागीर टुपाकवाला. टुपाक हे पश्चिम किनाऱ्याचं दैवत, पण जन्म १९७१चा, न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममधला, आणि शिक्षण बाल्टिमोरच्या कलाशाळेत, जिथे हा गडी चक्क बॅले शिकला. 'तो मुळात आमचाच' विरुद्ध 'मग सांभाळला का नाहीत' हे प्रकरण सीमाप्रश्नासारखं दर शनिवारी नव्याने निघे. केस कमी आणि दाढी जास्त असलेला एक तरुण केंड्रिक लमारच्या बाजूने फक्त एकच वाक्य बोलायचा: 'पुलित्झर मिळालंय.' मिळालंय खरं, २०१८ साली. त्यानंतर तो असा गप्प बसे की जणू निवड समितीवर तोच होता.

कोपऱ्यात एक म्हातारे बसत. त्यांना सगळे 'ओजी' म्हणत, म्हणजे आद्य, मूळपुरुष. मला ते ऐकून शाहिरामागचे झीलकरी आठवायचे आणि तोंडात 'जी जी' यायचं ते मी गिळायचो. ओजी ब्रॉन्क्सचे. ११ ऑगस्ट १९७३ला सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत डीजे कूल हर्कच्या बहिणीने शाळा सुरू होण्याआधीची पार्टी ठेवली, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट तिकीट लावलं, आणि तिथे हिप-हॉप जन्मलं असं मानतात. ओजी म्हणत, मी तिथे होतो. त्या पार्टीला हजर असलेली माणसं मला आजवर नऊ भेटली आहेत. इमारतीतली ती साधी सामाईक खोली होती. शिवाजी पार्क नव्हे.

आता माझी पात्रता. मी बारामतीचा. २००१ साली इथे आलो तेव्हा ऑफिसातलं इंग्रजी कळेना. कुणीतरी म्हणालं, गाणी ऐक. जुन्या सीडींच्या दुकानात एक डॉलरवाली टोपली होती, तिच्यातून हाताला लागेल ते उचललं. सहा महिन्यांनी ऑफिसातलं इंग्रजी होतं तेवढंच कळत होतं, पण क्वीन्सब्रिजच्या सरकारी चाळींत वाढलेल्या विशीतल्या पोराने १९९४च्या 'इल्मॅटिक'मध्ये काय काय सांगितलंय ते मला खडान्‌खडा पाठ होतं. त्या पोराचं नाव सीडीवर इंग्रजीत तीन अक्षरी. मी ते 'नास' असं वाचलं. दूध नासतं तो नास. गाण्यात तो मधूनमधून 'नाझ, नाझ' असं म्हणायचा. मला वाटायचं, त्याच वस्तीत राहणारी ही कुणी नाझ नावाची मुलगी असावी आणि याचं तिच्यावर मन बसलं असावं. वीसएक वर्षं मला त्या मुलीचं वाईट वाटत होतं. एवढं नाव घेऊनही तिची गोष्ट काही पुढे सरकत नव्हती.

हे कुणी दुरुस्त केलं नाही, कारण कुणाशी बोललोच नाही. घरात बायको नाट्यसंगीतवाली. मंडळात अंताक्षरी. मी लोकलमध्ये कानात बोंडं घालून एकटाच रसिक होतो, आणि एकट्या रसिकाला आपण जाणकार आहोत असं फार लवकर वाटू लागतं.

सहा महिने मी दुकानात गप्प बसलो. लोक मला 'प्रोफेसर' म्हणू लागले. चष्म्यामुळे असेल. त्या शनिवारी मशीन सुरू करता करता पहिल्या खुर्चीच्या कारागिराने आरशातून विचारलं, "प्रोफेसर, तू कधी बोलत नाहीस. तुझे पाच कोण?" (संवाद अर्थात इंग्रजीत. भाषांतरात शिव्या गळल्या आहेत, त्यामुळे मजकूर निम्मा झाला आहे.)

दुकान शांत झालं. मी घसा साफ केला आणि मराठी सभेत पाहुण्याने बोलावं तसं बोललो. म्हणालो, प्रत्येक जण आपापल्या जागी थोर आहे. आमच्या भाषेत एक जुना श्लोक शाळेत शिकवतात, त्यात कवींचं भांडण फार सोपं मिटवलंय. कुणाला ओवी, कुणाला अभंग, कुणाला श्लोक, कुणाला आर्या, ज्याचं खातं त्याला देऊन टाकलंय. तसंच बिगीला कथनाचं, टुपाकला कळवळ्याचं...

"हा मंत्रिमंडळ बनवतोय," ओजी म्हणाले.

सगळे हसले. या खेळात चुकीचं नाव चालतं, नाव न घेणं चालत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. म्हणून मी घाईघाईने ठणकावलं, "पहिला राकिम! दुसरा नास!"

राकिमला माना डोलल्या. लाँग आयलंडच्या वायनडांचचा हा मुलगा, सॅक्सोफोन वाजवणारा. ओळीच्या शेपटाला बांधलेलं यमक सोडवून त्याने ओळीच्या पोटात नेलं, आणि १९८७च्या 'पेड इन फुल'नंतर जुन्या पद्धतीने टाळीच्या जागी टाळी लावणारे सगळे एकदम आजोबा झाले. पण दुसऱ्या नावाला कुणी हलेना.

"नास कोण?" तरुणाने विचारलं.

मी समजावलं. क्वीन्सब्रिज, १९९४, इल्मॅटिक. आणि पुराव्यादाखल म्हणालो, तोच तो, ज्याचं नाझ नावाच्या मुलीवर प्रेम होतं.

पुढची काही मिनिटं मी वर्णन करत नाही. टुपाकवाला बाहेर फुटपाथवर जाऊन हसून आला. ओजींनी डोळे पुसले. कारागिराने गिऱ्हाइकाला इजा नको म्हणून मशीन बंद केलं, हे त्याचं सौजन्य.

अब्रू परत मिळवायला मी मोरोपंत काढले. बाहेरच्या लोकांत बारामतीचं नाव काढलं की बोलणं राजकारणावर येतं, पण आमच्या शाळेत ते मोरोपंतांवर यायचं. म्हटलं, अठराव्या शतकात आमच्या गावात एक माणूस होता. तुमच्या राकिमने यमक ओळीच्या पोटात नेलं, त्याने तर यमकांचा संसारच थाटला. त्याने एकामागून एक रामायणं लिहिली, त्यातलं एक 'निरोष्ठ'. म्हणजे वाचताना ओठाला ओठ लागत नाही. प, फ, ब, भ, म बाद. रामाच्या गोष्टीत 'राम' म्हणायची सोय नाही.

दुकान पुन्हा शांत झालं, पण ही शांतता निराळी होती. ओजी खुर्चीत पुढे सरकले. "अख्खी गोष्ट? ओठ न मिटता?" आणि मग सगळे एकदम तोंडं उघडी ठेवून आपापल्या दैवताचं नाव घेऊ लागले. एमिनेम पहिल्या फेरीतच बाद, त्यात ओठ मिटण्यावाचून काहीच नाही. टुपाक 'प'वर पडला. केंड्रिक आडनावाने बुडाला, तेव्हा पुलित्झरही 'प'वरूनच सुरू होतं हे कुणीतरी दाखवून दिलं. माझा राकिम अगदी शेवटच्या अक्षराला आपटला. नाझ तरला, जे-झी तरला, अटलांटाचा आंद्रे थ्री थाउजंड तरला. मग टुपाकवाला हळूच म्हणाला, "लॉरिन हिल."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. लॉरिन हिल, साउथ ऑरेंजची, म्हणजे याच राज्यातली, गाडीने अर्ध्या तासावरची. १९९८चा तिचा अल्बम, त्याला पुढच्या वर्षी वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी, जे तोवर हिप-हॉपच्या वाट्याला आलं नव्हतं. आणि सहा महिन्यांत त्या दुकानात तिचं नाव एकदाही निघालं नव्हतं. ते निघायला मोरोपंतांची गरज पडली. (खुद्द मोरोपंत पहिल्याच अक्षराला बाद होतात, हे मी कुणाला सांगितलं नाही.)

बिगीवाल्याला हे सहन होईना. आरशात स्वतःच्या ओठांकडे बघत तो 'बिगी' हा शब्द ओठ न मिटता म्हणण्याची खटपट करत होता. 'इगी' येत होतं. 'गिगी' येत होतं. त्या नादात त्याने मशीन सुरू केलं, आणि ते माझ्या डाव्या कानावरून जे निघालं ते थेट माथ्यावर जाऊन थांबलं. मधे एक सरळ, स्वच्छ पायवाट. बिगीची हयातीतली गाणीही एवढी सफाईदार नसतील.

"बसवून देतो," तो म्हणाला. दिलंही असतं. पण तेवढ्यात मला हुकमाचा पत्ता आठवला.

२००२ साली ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' गाणं गाजलं. त्यात मागे 'ज्योती' या हिंदी चित्रपटातल्या 'थोडा रेशम लगता है'चा तुकडा सतत फिरतो. संगीत बप्पी लाहिरींचं. त्यांचं नाव न छापल्यामुळे पुढे प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेलं. त्या तुकड्यातला आवाज लता मंगेशकरांचा, आणि गाण्यात रॅप करणारा पाहुणा राकिम! मी खुर्चीतून ओरडलो, "माझे दोन्ही पहिले नंबर एकाच गाण्यात आहेत!"

तिसऱ्या खुर्चीत केस कापून घेणारा, तोवर एक शब्द न बोललेला माणूस वळला. तो गयानाचा निघाला. पणजोबा ऊस तोडायला बोटीने गेलेले. "माझी आजी लता ऐकायची," तो म्हणाला. आजी! गयानातही बापाच्या आईला आजीच म्हणतात. सातासमुद्रापलीकडे, डोक्यावर पायवाट असताना, तो शब्द ऐकून माझा गळा भरून आला.

"पण खरी थोर," तो पुढे म्हणाला, "आशा."

सांगतो, सहा महिने बिगी-टुपाकवरून भांडणाऱ्यांना मी मनातून हसत होतो. जगात दोन्ही असू शकतात, एवढं या शहाण्यांना कळू नये? तोच मी अंगावरच्या कापडासकट खुर्चीतून उठलो आणि त्या माणसाच्या समोर जाऊन उभा राहिलो. ज्याचं खातं त्याला देणारा श्लोक मला आठवला नाही. त्याने वैविध्य काढलं, मी सूर काढला. त्याने ओ. पी. नय्यर काढले, मी मदन मोहन काढले. कुणीतरी निरोष्ठाची कसोटी सुचवली, पण लता आणि आशा दोघींनाही ओठ मिटावे लागत नाहीत. घराण्याची शिकवणच तशी. ओजींना एकही गाणं माहीत नव्हतं, तरी त्यांनी दोन्ही बाजूंना आळीपाळीने 'आता बोल' म्हणत पाऊण तास चालवला.

मागे वळलो तेव्हा माझ्या खुर्चीत दुसरं गिऱ्हाईक बसलेलं. दुकानाचा नियम साधा: उठलास की नंबर गेला. पुढे पाच जण होते, आणि मला एक वाजता एडिसनला साठीशांतीला पोचायचं होतं. कारागिराने पूर्ण पैसे घेतले. मी वर बक्षिशीही दिली. भांडणात जिंकल्यासारखं वाटत होतं.

साठीशांतीच्या अल्बममध्ये मी प्रत्येक फोटोत डावीकडे मान वळवून उभा आहे. बायको दोन तास माझ्या डाव्या अंगाला पंख्यासारखी उभी राहिली. जेवणाच्या रांगेत कुणीतरी बघितलंच, मग मी सगळं सांगितलं, सहानुभूतीच्या आशेने. केसांचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. 'म्हणजे, तुम्ही लता म्हणालात?' एवढंच सगळ्यांनी उचललं, आणि मठ्ठ्याच्या पातेल्यापाशी दोन तट पडले. उत्सवमूर्ती अजून साठ दिव्यांच्या ओवाळणीतून उठले नव्हते, तिथूनच त्यांनी मोठ्याने 'आशा' म्हणून सांगितलं. त्यांचं माझं सध्या बोलणं नाही.

पायवाट बुजायला सात आठवडे लागले. त्या अवधीत यादी पक्की झाली: राकिम, नाझ, लॉरिन हिल, बिगी, आंद्रे. ज्यांना मान्य नसेल त्यांनी शनिवारी दहाच्या आत यावं, नंतर खुर्ची मिळत नाही.