अल्प खर्चात इंजिन कसे बांधावे

हे मार्गदर्शन मारुती ८००च्या मालकांसाठी आहे. ही गाडी १९८३च्या डिसेंबरात पहिल्या मालकाच्या हाती पडली आणि २०१४च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. ज्यांच्या दारात ती अजून उभी आहे त्यांना यातली दुसरी बातमी कोणी दिलेली नाही, आपणही देऊ नये. काटकसरी गृहस्थाला हे इंजिन विशेष मानवते. ७९६ सीसी आणि सिलिंडर तीनच. इतरांना चार पिस्टन घ्यावे लागतात, तिथे पंचवीस टक्के बचत जपानमध्ये कोणीतरी आधीच करून ठेवली आहे.

प्रथम रोग ओळखावा. गाडी किती चालली हे मीटरला विचारण्यात अर्थ नाही. पाच आकड्यांचा मीटर लाख उलटला की शून्यावर येतो आणि गाडी कागदोपत्री बाळ होते. विचारायचे ते धुराला. सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळा भपका येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील गेले आहेत. हा किरकोळ खर्च असल्यामुळे असे निदान सहसा कोणी करत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागचा स्कूटरवाला निळ्या धुरात दिसेनासा होत असेल तर रिंगा. खात्री करायची तर प्लग काढून तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे, मग प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वर चढला तर दोष रिंगांचा आणि बोअरचा. हलला नाही तर व्हॉल्व्हचा. चमचा स्वयंपाकघरात परत ठेवायचा असेल तर कोणी पाहत नसताना ठेवावा.

आता बजेट. ते पेन्सिलीने लिहावे.

सुटे भाग घ्यायला पुणेकराने नाना पेठेत आणि मुंबईकराने ऑपेरा हाउसच्या बाजूला जावे. तिथे माल तीन प्रकारचा असतो: ओरिजिनल, ओरिजिनलसारखा, आणि ‘कंपनीचाच आहे काका, फक्त खोका वेगळा’. भंगारातून आख्खे ‘हाफ इंजिन’ उचलण्याचा मोह कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फार जणांना होतो. सौदा खरोखर स्वस्त असतो. फक्त ब्लॉकवर जो नंबर असतो तो आपल्या आरसी बुकात नसतो, आणि तो तिथे चढवण्यासाठी आरटीओत जेवढे हेलपाटे घालावे लागतात तेवढी जुनी गाडीसुद्धा चालली नसेल. शिवाय ते इंजिन कोणाच्या गाडीतून, कोणत्या परिस्थितीत निघाले, हे विचारायला आधी पोलीस येऊ नयेत.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचे ठिकाण, लेथवाला. गृहस्थ इथेच पैसे वाचवायला बघतो, कारण मोजमापाचे पैसे देऊन हातात काही पडत नाही. पिस्टन आणि बोअर यांच्यातली फट माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी असते. लाखो किलोमीटर घासून बोअर गोल राहत नाही, लांबट होतो, आणि वरच्या बाजूला जास्त खातो. म्हणून बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजून घ्यावे. ‘साहेब, बोअर छान आहे, नुसत्या रिंगा टाकून देतो’ असे बोट फिरवून सांगणारा मिस्त्री प्रेमळ असतो, पण नवी गोल रिंग लांबट बोअरमध्ये काय काम करणार? धूर पुढच्या दिवाळीपर्यंत रजेवर जातो, इतकेच.

बोअर मोठा करायचा ठरला तर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइजचे पिस्टन आधी विकत घ्यावेत, लेथवाल्यापुढे ठेवावेत आणि त्यांच्या मापाने बोअर करून घ्यावा. आधी बोअर करून मग त्यात बसेल असा पिस्टन बाजारभर शोधत फिरण्याची पद्धतही लोकप्रिय आहे. तिने बाजाराची चांगली ओळख होते. होनिंगनंतर, म्हणजे दगडाने बोअर घासून झाल्यावर, आत तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसायला हव्यात. मालकाला आरशासारखी चकाकी आवडते, पण गुळगुळीत भिंतीवर तेल ठरत नाही आणि रिंगा बसत नाहीत.

आणि मग ब्लॉक धुवावा. साऱ्या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग हाच. गॅरेजात पेट्रोलचा फडका मारून मोकळे होतात. होनिंगच्या दगडाची भुकटी त्याने निघत नाही. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश घेऊन बोअर घासावा, पांढरा फडका आतून फिरवून तो पांढराच बाहेर येईपर्यंत घासावा, आणि वाळवून लगेच तेलाचा हात द्यावा, नाहीतर चहा संपेपर्यंत गंज दिसू लागतो. बायकोने हे दृश्य पाहिले तर घरातल्या भांड्यांविषयी काही प्रश्न निघतील. त्यांची उत्तरे या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहेत.

जोडणीच्या दिवशी मिस्त्री पाना पुसत म्हणेल, ‘साहेब, खोललंच आहे तर…’ हे वाक्य तो दिवसभर पुरवून पुरवून वापरतो. खोललंच आहे तर रेडिएटर, खोललंच आहे तर सायलेन्सर, खोललंच आहे तर बोनेटला रंग. यांतल्या चारच सूचना खऱ्या: क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप आणि क्रँकचे ऑइल सील. इंजिन खाली असताना ती मजुरी जवळपास वाचते. नंतर मागच्या बोटभर रबरी सिलासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. पण या चार गोष्टी येईपर्यंत गृहस्थ सीट कव्हर आणि बोनेटच्या रंगाला हो म्हणून बसलेला असतो, आणि नेमका क्लचपाशी त्याचा स्वाभिमान जागा होतो.

हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. टॉर्क रेंच मागावा. ‘हाताचा अंदाज आहे, वीस वर्षांचा’ असे उत्तर आले तर त्या हाताला वंदन करून रेंच शेजारच्या गॅरेजातून आणावा. हेड ॲल्युमिनियमचे असते आणि त्याला ज्येष्ठतेचा आदर नसतो.

गाडी सुरू झाली की नातेवाइकांना लगेच महाबळेश्वरला नेऊ नये. पहिले हजार किलोमीटर इंजिनाला ताण द्यायचा नाही, आणि फार जपायचेही नाही. एकाच वेगात तासन्‌तास न चालवता वेग कमी-जास्त करत राहावे, म्हणजे रिंगा बोअरला नीट बसतात. पाचशे किलोमीटरनंतर तेल गरम असतानाच फिल्टरसकट बदलावे आणि काढलेले तेल उन्हात थाळीत पाहावे. करडी बारीक झाक असेल तर हरकत नाही, ती नव्या रिंगांची. तांबूस चमचमणारे कण दिसले तर बेअरिंग बोलते आहे, गाडी तिथेच थांबवावी. तेल गटारात ओतू नये. कॅनमध्ये भरून मिस्त्रीकडे परत न्यावे, आणि इंजिन बंद न करता, दुरूनच देऊन निघावे. थांबलात तर तो बोनेट उघडायला सांगेल.