मोठ्या साहेबांची रायगडी साडेसाती

दोन दिवस मागच्या पडवीत वास येत होता. आधी वाटलं गटार तुंबलं असेल, मग वाटलं अप्पांच्या अढीतला आंबा सडला. शेवटी कपडे वाळत घालता घालता मेंदीच्या कुंपणावरून विचारलंच, "अप्पा, तुमच्याकडे काही मेलंय का हो?"

"आमच्याकडे मी आणि तुझी काकू. दोघंही सकाळी चहा प्यायलो," अप्पा म्हणाले. "घूस असेल, सूनबाई. मेलेल्याचा वास लपत नाही. गागोद्याला नाही का झालं?"

संपलं. अप्पांचं 'गागोद्याला' सुरू झालं की बादलीतले निम्मे कपडे पिळाच्या पिळातच राहतात, हे दहिवलीत कुणालाही विचारा. अप्पा एसटीत ड्रायव्हर होते, खोपोली-पेण रस्त्यावर त्यांची कित्येक वर्षं गेली. गागोदं त्या बाजूचंच, पेण तालुक्यातलं. विनोबांचं जन्मगाव. "पूर्वी कुणी उतरलं की म्हणायचं, विनोबांचं घर कुठे? पंधरा सालापासून विचारायला लागले, ते प्रेत कुठे सापडलं?" अप्पांना याचा मनापासून राग आहे. विनोबांचा नव्हे, विचारणाऱ्यांचा.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी अप्पांकडून ऐकायची. २३ मे २०१२. ऐन आंब्याचे दिवस. गागोद्याच्या रानात पोलीस पाटलाला दुर्गंधी आली, जळालेलं, कुजलेलं प्रेत दिसलं. पेणचे पोलीस आले, पाहणी झाली, नमुने मुंबईला जे. जे. रुग्णालयात गेले, उरलेलं तिथंच जमिनीत पुरलं. आणि अपमृत्यूची साधी नोंद?

"ती झालीच नाही," अप्पा कुंपणावर दोन्ही कोपर टेकवून म्हणाले. "आमच्या गाडीखाली कोंबडी आली तरी मी डेपोत लेखी द्यायचो. इथे आख्खा माणूस!"

काकू आतून तांदूळ निवडत ऐकत होत्या. "माणूस नाही हो, पोरगी. चोविशीतली," एवढंच म्हणाल्या, आणि अप्पा जरा गप्प झाले.

तीन वर्षं गागोद्याची माती गप्प राहिली. २१ ऑगस्ट २०१५ ला मुंबईत एका ड्रायव्हरला बेकायदा हत्यारासकट पकडलं. तो बोलायला लागला, आणि मग कळलं की ते प्रेत शीना बोराचं. २५ तारखेला तिची आई इंद्राणी मुखर्जी अटकेत, लगोलग इंद्राणीचा आधीचा नवरा संजीव खन्ना कोलकात्यात. चोवीस एप्रिल २०१२ ला मुंबईत गाडीत गळा आवळला आणि प्रेत आपल्याकडे आणून जाळलं, हा पोलिसांचा आरोप. खटला अजून संपलेला नाही, म्हणून मी 'आरोप' म्हणते. अप्पा म्हणत नाहीत.

"त्या आठवड्यात मुंबईचे पोलीस कुदळी घेऊन खणायला आले. टीव्हीवाल्यांच्या छत्र्या लावलेल्या गाड्या इतक्या, की माझी पेण गाडी पाऊण तास लेट. पॅसेंजर खाली उतरून बघायला. कंडक्टरसुद्धा!"

"आणि तुम्ही?" काकू.

"मी स्टेअरिंग सोडलं नाही," अप्पा म्हणाले. या एका वाक्यावर माझा विश्वास नाही.

पण अप्पांचा खरा नायक प्रेत नाही, इंद्राणीही नाही. त्यांचा नायक राकेश मारिया, तेव्हाचे मुंबईचे पोलीस आयुक्त. आडनावावरून मी कितीतरी वर्षं त्यांना वांद्र्याचे ख्रिश्चन समजत होते. वांद्र्याचे खरेच, पण घराणं पंजाबी, वडील हिंदी सिनेमाचे निर्माते. १९८१ च्या तुकडीचे आयपीएस. त्यांच्यावर सिनेमे निघाले. 'ब्लॅक फ्रायडे'त के के मेनन मारिया झाला, २६/११ वरच्या सिनेमात नाना पाटेकर. अप्पांनी दुसराच पाहिलाय. "नानाने केलं म्हणजे साहेब खरा तसाच असणार," असं त्यांचं मत.

"आता नीट ऐक," अप्पा म्हणाले. "या माणसाची सगळी कुंडली मुंबईची, पण ग्रह रायगडचे."

मला वाटलं फेकतायत. पण ऐकलं तर खोटं नव्हतं.

१२ मार्च १९९३. मुंबईत दीड वाजल्यापासून बारा ठिकाणी स्फोट, २५७ माणसं गेली. मारिया तेव्हा वाहतूक शाखेचे उपायुक्त. म्हणजे सिग्नल, पार्किंग, टोइंग. वरळीला एक बेवारस मारुती व्हॅन सापडली, तिच्या कागदांवरून माग माहीमला टायगर मेमनच्या घरापर्यंत गेला, आणि आयुक्त अमरजितसिंग सामरा यांनी तपास या वाहतुकीच्या साहेबाच्या हाती दिला. तिथून त्यांचं नाव झालं.

"आणि ते आरडीएक्स आलं कुठून?"

"पाकिस्तानातून," मी म्हटलं.

"उतरलं कुठे?"

शेखाडीला. श्रीवर्धन तालुक्यात, आपल्याच जिल्ह्यात, फेब्रुवारी ९३ मध्ये. त्याआधी जानेवारीत दिघीला माल उतरला होता. तो नेताना गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्यासुद्धा होत्या. मग सोडल्या. पैसे ठरले, आणि रोख हातात पुरेशी नाही म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या. पुढे टाडा कोर्टात शिक्षा झाल्या त्यांत कस्टमवाले होते तसे आपल्या जिल्ह्यातले पोलीसही होते.

काकूंनी तांदळाचं ताट खाली ठेवलं. "चांदीच्या विटा? आणि आपला भाचा गणपतीला गावी जाताना गाडीवर एक माणूस जास्त होता तर वडखळला पाचशे घेतले."

"तुझा भाचा चांदी कुठे नेत होता?" अप्पा म्हणाले.

तर हिशोब असा: रायगडच्या पोलिसांनी ९३ साली जे जाऊ दिलं, त्याचा तपास करून मारियांचं नाव झालं. आणि २०१२ साली रायगडच्या पोलिसांनी जे लिहून ठेवलं नाही, त्याचा तपास करता करता त्यांची खुर्ची गेली. मधली बावीस वर्षं त्यांनी मुंबईत काढली, पण दोन्ही टोकं आपल्या जिल्ह्यात.

मधलं अप्पा भरभर सांगतात, कारण मधे रायगड नाही. २६/११ ला मारिया गुन्हे शाखेचे सहआयुक्त, त्या रात्री नियंत्रण कक्षात बसलेले. कसाबची चौकशी त्यांनी केली, वाहवा झाली. पण त्याच रात्री कामा रुग्णालयाच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर हे पोलीस अधिकारी गेले, आणि वर्षभराने विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात कंट्रोल रूमच्या नोंदी मिळवून पुस्तक काढलं. मदत का पोचली नाही, हा त्यांचा सवाल होता. मारिया संतापले, राजीनाम्याची भाषा झाली. मी ते पुस्तक वाचलंय. कोण बरोबर हे सांगायला मी कोण, पण नवरा गेलेल्या बाईने एकेक मिनिट मोजत बसावं, ते वाचताना घशात अडकतं. अप्पांना तो विषय आवडत नाही. नाना पाटेकरच्या सिनेमात तो फारसा नसावा.

फेब्रुवारी २०१४ मध्ये मारिया आयुक्त झाले. आधीचे सत्यपाल सिंह नोकरी सोडून राजकारणात गेले, बागपतचे खासदार झाले. जून २०१५ मध्ये मारियांचा ललित मोदीबरोबरचा लंडनचा फोटो बाहेर आला. एवढा मोठा आयुक्त, आणि पोलिसांना हवा असलेल्या माणसाशेजारी! मारिया म्हणाले, त्याला अंडरवर्ल्डची धमकी होती, वकिलाने फार आग्रह केला म्हणून भेटलो, आणि परत आल्यावर गृहमंत्र्यांना सांगितलंही. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. (आबा) पाटील. फोटो बाहेर आला तेव्हा आबा हयात नव्हते.

आणि मग ऑगस्टात आमचं गागोदं. मारिया रोज खार पोलीस ठाण्यात जाऊन स्वतः चौकशीला बसायला लागले. दाराशी कॅमेरे. संध्याकाळी त्यांची गाडी निघाली की बातमी, सकाळी आली की बातमी.

इथे माझं आणि अप्पांचं पटत नाही. मी म्हटलं, "सव्वा कोटी माणसांच्या शहराचा आयुक्त एका खुनाच्या चौकशीत तासन्‌तास बसतो, हे काही ठीक नाही. खाली इन्स्पेक्टर कशाला असतात?"

अप्पा उसळले. "ज्याला येतं त्याने करावं!"

"मग तुमच्या डेपो मॅनेजरने रोज तुमची पेण गाडी चालवली असती तर?"

अप्पांनी डोकं खाजवलं. "गाडी वेळेवर गेली असती," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "डेपोचं वाटोळं झालं असतं. पण गाडी गेली असती."

८ सप्टेंबर २०१५. मुख्यमंत्री आणि गृहमंत्री दोन्ही देवेंद्र फडणवीसच, ते त्या दिवशी जपानला निघालेले. मारियांची बढती तीस सप्टेंबरला होणारच होती, ती तीन आठवडे आधी झाली. महासंचालक, होमगार्ड. जागी अहमद जावेद. कारण काय दिलं? गणपती आणि बकरी ईद तोंडावर आहेत, नव्या आयुक्ताला तयारीला वेळ हवा.

"गणपती नऊ दिवसांवर," अप्पांनी बोटं मोजून दाखवली. "आपल्याकडे पेणच्या कारखान्यात मूर्ती रंगून बसलेल्या, आणि हे म्हणतात तयारी!"

आधी सांगितलं की या तपासावर मारियाच देखरेख ठेवतील. दहा दिवसांत, १८ तारखेला, तपासच सीबीआयकडे गेला. नोव्हेंबरात सीबीआयने इंद्राणीचे तेव्हाचे पती पीटर मुखर्जी यांना अटक केली, आणि मारियांनी त्यांना वाचवलं होतं अशी कुजबुज जोरात झाली. जानेवारी २०१७ अखेर मारिया निवृत्त झाले. २०२० मध्ये पुस्तक लिहून त्यांनी ती कुजबुज खोडून काढली, शिवाय दोन-तीन सहकाऱ्यांकडेही बोट दाखवलं. त्या सहकाऱ्यांनी ते नाकारलं. ते नाकारणारच. छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने निवृत्त झाल्यावरच तोंड उघडायचं, ही आपल्याकडची सरकारी रीत. अप्पासुद्धा एसटीतल्या भानगडी पेन्शनीत निघाल्यावरच सांगायला लागले.

"होमगार्ड म्हणजे काय गं?" काकूंनी विचारलं. "ते खाकीतले, निवडणुकीला उभे असतात ते?"

"तेच."

"म्हणजे बढती दिली की काढलं?"

याचं उत्तर अप्पांकडे नव्हतं. मी वाट बघितली, पण ते आंब्याच्या अढीकडे बघत राहिले.

मग मीच त्यांना नवं ऐकवलं, कारण हे त्यांच्या पेपरात सुटलं होतं. २०२४ च्या जूनमध्ये सरकारी पक्षाने कोर्टात सांगितलं, गागोद्याला मिळालेली ती हाडं सापडत नाहीत. जुलैत सांगितलं, सापडली. सीबीआयच्या दिल्लीच्या कार्यालयातच होती.

अप्पा इतके हसले की मेंदीची पानं हलली. "म्हणजे पुन्हा हरवली? पेणला नोंद नाही म्हणून आणि दिल्लीला नोंद होती तरी?"

तेवढ्यात आमच्या मोरीच्या मागून मुलगा ओरडला. घूस होती. चांगली मांजराएवढी. लाकडाच्या ढिगाखाली मरून पडलेली. नाकाला ओढणी बांधून मी फावडं शोधायला निघाले.

"परसात खोल पुर," अप्पा कुंपणावरून ओरडले. "आणि कुठे पुरलीस ते लिहून ठेव!"