शाल, श्रीफळ आणि ओटीपी

जून-जुलैत बीड जिल्ह्यात दोन पेरण्या होतात. एक कापूस-सोयाबीनची आणि दुसरी करिअर मार्गदर्शनाची. पहिलीला पाऊस लागतो, दुसरी कोरडीच असते. आष्टीपासून परळीपर्यंत मंगल कार्यालयांवर 'गुणवंतांचा सत्कार व भव्य मार्गदर्शन सोहळा' असे फ्लेक्स लागतात. त्यावर गुणवंतांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि पुढाऱ्यांचे दरवाजाएवढे असतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि 'वेळेअभावी दोनच शब्द बोलतो' असं म्हणून सुरू झालेला पाऊण तास. पाहुणे सांगतात की मोठी स्वप्नं बघा. लेकरू टाळी वाजवतं, शाल घडी करतं, नारळ पिशवीत टाकतं आणि तिथून थेट नेटकॅफेच्या रांगेत जाऊन उभं राहतं. कारण त्याला पडलेले प्रश्न स्वप्नाचे नसतात. दहावीच्या सनदेवर बापाचं नाव 'राजेभाऊ' आणि आधारवर 'राजाभाऊ' असेल तर फॉर्म चालतो का, हा त्याचा प्रश्न असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की या जिल्ह्यात प्रेरणेचा दुष्काळ कधीच नव्हता. टंचाई आहे ती शेजारी खुर्ची ओढून बसणाऱ्या आणि अर्ज नीट भरून घेणाऱ्या जाणत्या माणसाची.

ती जागा आज नेटकॅफेवाल्यानं भरून काढली आहे. तालुक्याच्या बसस्टँडसमोर आठ बाय दहाचा गाळा, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीला चिकटवलेली यादी: उत्पन्न, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता. हा जिल्ह्याचा खरा समुपदेशक. त्याच्याकडे पदवी कोणती, हे कोणी विचारत नाही, तोही पोराला त्याची आवड विचारत नाही. तो विचारतो, "टक्के किती? कॅटेगरी? फोटो आणलास का पांढऱ्या बॅकग्राउंडचा?" आणि पाठीमागे तेरा जण उभे असताना तो चार मिनिटांत पोराच्या पुढच्या चार वर्षांचे कॉलेज कोड टाकून मोकळा होतो. प्राधान्यक्रमात पहिलं कॉलेज कोणतं? तर यादीत जे सगळ्यात वर दिसलं ते. यात त्याचा दोष नाही. त्याचं पोट झेरॉक्सवर चालतं, भवितव्यावर नाही. शिवाय 31 मार्चला उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते, हे गावात वेळेवर सांगणारा तोच एक माणूस असतो.

आता कोणी म्हणेल, ही रड सगळ्या महाराष्ट्राची आहे, बीडचं वेगळं ते काय? वेगळं आहे ते पंचांग. दिवाळीच्या आगेमागे इथून लाखोंच्या संख्येनं ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत फड सुटत नाही. आणि बारावीचा फॉर्म, शिष्यवृत्तीचे अर्ज, सीईटी आणि नीटची नोंदणी, दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा, हे सगळं नेमकं याच महिन्यांत येतं. म्हणजे लेकराला सही हवी असते तेव्हा सही करणारे हात मोळ्या बांधत असतात. हंगामी वसतिगृहं आहेत, आजी असते, पोरगं एकटं राहतं आणि अभ्यासही करतं. पण मोबाइल नंबर बापाचा दिलेला असतो. जानेवारीतल्या दुपारी गाळ्यातून फोन जातो, "बप्पा, ओटीपी आला का?" तिकडून आवाज येतो, "थांब, डोक्यावर मोळी हाय." मोळी ट्रॅक्टरवर चढेपर्यंत ओटीपी मरतो. दुसरा मागवावा तर फडात रेंज नाही. आता अशा वेळी त्या पोराला 'आकाशाला गवसणी घाला' असं सांगून काय उपयोग? आकाशातून त्याला फक्त सहा आकडे हवे असतात.

कल ओळखणं महत्त्वाचं, असाही एक पक्ष आहे. राज्य मंडळानं 2016 साली दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली. त्यात सात क्षेत्रं होती, त्यातलं एक गणवेशधारी सेवा. हेतू चांगलाच होता. पण बीडच्या पोरांचा कल या क्षेत्राकडे आहे का, हे पाहायला कॉम्प्युटर कशाला हवा? पहाटे पाचला कुठल्याही गावच्या फाट्यावर उभं राहा. पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी धावणारी पोरं इतकी असतात की दूधवाल्याला मोटारसायकल कडेला घ्यावी लागते. कल सगळ्यांना माहीत आहे. भरती हुकली तर दुसरा अर्ज कुठला करायचा, हे मात्र कोणी सांगत नाही, म्हणून तेच पोरगं पाच वर्षं त्याच फाट्यावर पळत राहतं.

इथं हुकमी आक्षेप येतो: खरी गुणवत्ता आपली वाट काढतेच, आपला अविनाश साबळे बघा. जरूर बघू. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा, आईवडील वीटभट्टीवर, बारावीनंतर सैन्यात गेला, 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पण लहानपणी शाळेला मैलोन्‌मैल पायी जाणाऱ्या या पोराची स्टीपलचेसशी गाठ गावात नाही पडली. ती सैन्यात गेल्यावर पडली. म्हणजे वाट गुणवत्तेनं काढली हे अर्धंच खरं, कोणीतरी शेजारी उभं राहून 'हा अडथळा नीट पार कर' म्हणालं, हे उरलेलं अर्धं. एरवी अडथळ्यांची शर्यत इथला प्रत्येक विद्यार्थी पळतोच, पाण्याच्या खड्ड्यासकट. फक्त वेळ लावायला कोणी नसतं.

लातूरचं काय, हा दुसरा आक्षेप. शेजारचा, बारावी-नीटच्या कसून तयारीचा लातूर पॅटर्न खराच. त्यानं मराठवाड्यातली किती घरं वर आणली, हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण आमच्याकडे क्रियापद ऐका: "पोराला लातूरला टाकलं." लोणचं बरणीत टाकावं तसं. दोन वर्षांनी झाकण उघडलं की डॉक्टर निघायला हवा. 2024 मध्ये नीटला 23 लाखांहून जास्त मुलं बसली आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याच पुढे. वीस बरण्यांत एक डॉक्टर. उरलेल्या एकोणिसांचं काय करायचं, हे फ्लेक्सवर नसतं. अंबाजोगाईत ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या रुग्णालयात डॉक्टरशिवाय किती जण पोट भरतात, हे दारात उभं राहून मोजता येतं: परिचारिका, लॅबवाले, एक्स-रेवाले, औषधनिर्माते. त्यांच्यापैकी एकाला व्यासपीठावर बसवलेलं कोणी पाहिलंय?

आणि माहितीची किंमत कधी कधी रुपयांत मोजता येते. जुलै 2024 मध्ये सरकारनं 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ केलं. अट अशी की प्रवेश कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून हवा. घाबरून 'सीट जाईल' म्हणत संस्थास्तरावरची जागा घेतली की माफी गेली. हे वाक्य बोलायला दहा सेकंद लागतात. सत्कार सोहळ्यात दहा सेकंद उरत नाहीत, कारण हारतुऱ्यांना वेळ लागतो.

शाळेतले सर आहेत ना, असं म्हणाल, तर सरांना निवडणुका, सर्वेक्षणं आणि खिचडीचे हिशोब उरकून जो वेळ मिळतो, त्यात ते शिकवतातही. आणि घाई कशाला, असं म्हणणाऱ्यांना आमची रेल्वे दाखवावी. अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग 1995 च्या सुमारास मंजूर झाला आणि बीडला गाडी 17 सप्टेंबर 2025 रोजी आली. आम्ही तीस वर्षं थांबलो, काही बिघडलं नाही. कॅपची फेरी मात्र काही दिवसांतच आटोपते.

तेव्हा सूचना साधी आहे. सोहळा बंद करू नका, मंडपवाल्याचंही पोट आहे. फक्त व्यासपीठावर खुर्च्यांऐवजी टेबलं मांडा. प्रत्येक टेबलावर एक लॅपटॉप आणि नुकताच त्याच वाटेनं गेलेला गावातला एक पोरगा किंवा पोरगी: आयटीआयवाला, नर्सिंगवाली, कृषी पदविकावाला. फोनला चार्जर, डोंगलला रेंज. प्रमुख पाहुण्यांनी भाषणाऐवजी दोन अर्ज स्वतःच्या हातानं भरून दाखवावेत, बापाच्या नावातल्या काना-मात्रेसकट. सर्व्हर दुपारपर्यंत डाऊन राहील, हे गृहीत धरावं. तोवर ते सत्काराचे नारळ फोडून रांगेत खोबरं वाटता येईल.