मार्जार-नखस्तंभाची उभारणी

ज्या घरात मांजर आहे आणि सोफासेटही आहे, तेथे काही महिन्यांनी दोहोंपैकी मांजरच तेवढे सुस्थितीत उरते, हा अनुभव नांदेडपासून लातूरपर्यंत एकसारखा असल्यामुळे, नखे घासण्याचा खांब घरच्या घरी कसा उभारावा याविषयीचे नियम एकदाचे मुक्रर करून टाकणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम आरोपीची कैफियत ऐकून घ्यावी. मांजर नखे घासते ते द्वेषबुद्धीने नव्हे. नखावरचे जीर्ण कवच गळून आतले तीक्ष्ण नख मोकळे व्हावे, निजून उठल्यावर खांदे आणि कणा ताणला जावा, आणि तळव्यांतील ग्रंथींचा गंध लागून ही जागा आपल्या वहिवाटीची असल्याचे इतर मांजरांस विदित व्हावे, अशी तीन प्रयोजने त्यामागे असतात. आमचे लातूरचे साडू, जे गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, ते ही कैफियत दप्तरी दाखल करून घ्यायलाच तयार नाहीत. त्यांच्या मनीने सोफ्याचा डावा हात उसवला तो केवळ सूडापोटी, असा त्यांचा निवाडा. या सोफ्याची हकीगत अशी की, थोरलीच्या दाखवण्याच्या कार्यक्रमासाठी तो खरेदी झाला, थोरलीचे लग्न झाले, तिची मुले शाळेत जाऊ लागली, तरी त्यावरचे प्लॅस्टिक अद्याप उतरलेले नाही. पाहुण्यांना सतरंजी, साडूंना लोखंडी खुर्ची. त्या घरात सोफ्याचा सोफा म्हणून उपयोग करते ती एकटी मनी. पण हे मी त्यांना सांगू कसा? साडूपण फार नाजूक असते.

आता साहित्य. खांबास किनवटकडचे सागवान उत्तम, परंतु ते परवडणाऱ्याने मांजर पाळण्याऐवजी वाघ पाळावा; इतरांनी चार इंच जाडीचा कोणताही वाळलेला, गोल वासा घ्यावा. मांजर मागच्या पायांवर उभे राहून पुढचे पाय पूर्ण ताणू शकेल इतकी, म्हणजे अडीच-तीन फूट उंची हवी. खांब दीड फुटी चौरस फळीला खालून लांब स्क्रूंनी आवळावा आणि फळीवर त्याच्या दोन्ही बाजूंस शहाबादी फरशीचे तुकडे ठेवावेत. निजामाच्या रियासतीत शहाबाद आणि आपण एकाच छत्राखाली होतो, १ नोव्हेंबर १९५६ रोजी शहाबाद म्हैसूर राज्यात आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तरी त्या फरशीने आपल्या ओसऱ्यांची संगत सोडली नाही. तिचे वजन येथेही कामास येते. खांब एकदा का डगमगला, की मांजर पुन्हा त्याच्या वाटेस जात नाही.

दोर केकताडाचा. नायलॉन वर्ज्य. केकताड न मिळाल्यास लातूरच्या आडतीवरून तूरडाळीचा जुना बारदाना आणून, झटकून, खांबावर घट्ट ताणून शिवला तरी मांजराची तक्रार नसते.

दोर किती लागेल याचा हिशेब मात्र नीट करावा. दहा सेंटिमीटर व्यासाच्या खांबावर आठ मिलिमीटर जाडीचा दोर पाऊण मीटर उंचीपर्यंत गुंडाळायचा, तर वेढे सुमारे ९४ होतात. साडूंनी खांबाचा परीघ काढला, ९४ ने गुणले, आणि दुकानदार वजनावर देत असता साडेएकोणतीस मीटर दोर टेपाने मोजून घेतला. दोराला स्वतःचीही जाडी असते आणि वेढा तिच्या मध्यातून मोजावा लागतो, ही गोष्ट हिशेबातून निसटली; लागतो तो बत्तीस मीटर. परिणामी साडूंच्या खांबाचे वरचे तीन बोटे लाकूड अद्याप उघडे आहे आणि त्याविषयी घरात कोणी अवाक्षर काढीत नाही. दोर कोरडाच गुंडाळावा, कारण भिजवून गुंडाळलेला वाळल्यावर सैल पडतो. दर पाच-सहा वेढ्यांनी लाकडी हातोडीने ते खाली ठोकून एकमेकांस भिडवावेत. दोराची टोके ज्यांनी ठोकली त्या खिळ्यांची डोकी दोरात बुडालेली असावीत. रंग, व्हार्निश काही नको.

खांबाची जागा हा सर्वांत वादग्रस्त मुद्दा. मांजर जेथे निजते किंवा जेथे त्याने आधीच नुकसान केले आहे, तेथेच, म्हणजे सोफ्याच्या त्या उसवलेल्या हाताला खेटून, खांब उभा करावा. साडूंनी तो गच्चीवर नेऊन ठेवला, कारण बैठकीत पाहुणे काय म्हणतील! नंतर लातूर पॅटर्नवरील आपल्या अढळ श्रद्धेस अनुसरून त्यांनी मनीचे पंजे धरून रोज सकाळी सराव आणि रविवारी चाचणी असा क्रम लावला, ज्याचे गुणपत्रक त्यांच्या मनगटावर बरेच दिवस वाचता येत होते. पंजे कधीही धरू नयेत. खांबाभोवती सुतळी खेळवावी, म्हणजे मांजर ती पकडायला आपण होऊन खांबाला नखे लावते. आणि पावसाळ्यात पडीक जागी उगवणाऱ्या खोकलीची मुळी ठेचून दोरावर चोळावी, कारण त्या मुळीपुढे भलीभली मांजरे लोळण घेतात. ही मुळी मीच नेऊन दिली, खांब खाली सोफ्याशी आणवला, आणि तासाभरात मनी त्याला लोंबकळत होती. साडू म्हणाले, “सरावाचा परिणाम.” मी चहा प्यायलो.

दोर पिंजला म्हणून खांब टाकून देऊ नये. मांजराला तो तसाच अधिक आवडतो. लाकूड दिसू लागेल तेथले वेढे तेवढे नवे घालावेत. हल्ली पोळ्याच्या बाजारातही नायलॉनचेच कासरे फार, तरी एखाद्या म्हाताऱ्याकडे केकताडाचा दोर सापडतो. त्याने “बैल कितीयत?” म्हणून विचारले, तर “एकच” म्हणून मोकळे व्हावे.