शौकीन

गडचिरोलीत मार्कंड्याच्या बाजूला कुणाविषयी चौकशी केली आणि ‘लई शौकीन माणूस हाये’ असं उत्तर आलं, तर लगेच विचारून घ्यावं: कशाचा? पूर्वी असं विचारायची गरज नसे. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे ‘पोरगा शौकीन तं नाई ना जी?’ असं दबक्या आवाजात विचारत. त्यात बाटली, पत्ते, कोंबड्यांची झुंज असं सगळंच आलं. नाटक आणि शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, हेही त्यातच. धानाचे पैसे हातात आले आणि घरधनी दोन दिवस दिसला नाही, तर बायको शेजारणीला एवढंच सांगे, ‘शौकीन हाये ना माहा.’ ती शिवी होती.

हा प्राणी भाऊबीजेनंतर जागा होतो. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात, नाटकांचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, इथल्या कंपन्या गावोगाव निघतात आणि शौकिनाची रात्र दिवसा सुरू होते. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. अंगावर घोंगडं, खिशात खर्रा आणि तोंडात पुढचा संवाद. नट बोलायच्या आधी हा बोलतो, नट चुकला तर मोठ्यानं बोलतो. इथलेच नट परशुराम खुणे यांनी ८०० भूमिका केल्या, पाच हजार प्रयोग केले, २०२३मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘दिल्लीले आता समजलं,’ हा आमच्या शौकिनाचा अभिप्राय. आपल्याला आधी समजलं होतं, त्याचा मान कुठाय, हा त्यातला न उच्चारलेला भाग.

दिवसा पट आणि रात्री नाटक, हा इथला जुना जोड. पटाच्या निमित्तानं लेकी-जावई येतात, घरं भरतात, मुली दाखवल्या जातात. शौकिनाच्या घरी पाहुणे असतात, पण तो स्वतः नसतो. तो छकड्याला जुंपलेल्या परक्या जोडीचे खूर बघत उभा असतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या तेव्हा तो सुतकात गेला. लोकांच्या गोठ्यात जाऊन बांधलेल्या बैलांकडेच तासन् तास बघायचा. मालकाला वाटे, गिऱ्हाईक आलं. डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३मध्ये घटनापीठानंही शर्यतींना परवानगी देणारा कायदा उचलून धरला, आणि शौकीन सुतकातून उठला.

उठून बघतो तर शिवीची पदवी झालेली. चौकात पुढाऱ्यांच्या फोटोंखाली छापलेलं: ‘तमाम पटशौकिनांचे हार्दिक स्वागत’. ज्या शब्दासाठी बापानं काठी उगारली, त्याच शब्दानं आता मंचावर बोलावून नारळ देतात. त्याला ते फारसं रुचलेलं नाही. मानाचं त्याला वावडं नाही, गर्दीचं आहे. नातू पटाला जातो, जोडी सुटताना मोबाइल वर धरतो, आणि घरी येऊन स्वतःला शौकीन म्हणवतो. आजोबा चिडतात: ‘एक तरी बैल इकला का बे तू? उधारी तरी केली? मंग शौकीन कायचा?’ मला विचाराल तर आजोबांची व्याख्या बरोबर आहे, फक्त आजीला विचारून मग छापावी.

महाशिवरात्रीला तो मार्कंड्याच्या जत्रेला न चुकता येतो. काठाला वैनगंगा उत्तरेकडे वळलेली, भाविक नदीत बुडी मारून महादेवाकडे धावतात. शहरातले लोक ‘विदर्भाचं खजुराहो’ म्हणत भिंतीवरच्या शिल्पांचे फोटो काढतात. शौकीनही त्या सुंदरींपुढे उभा राहतो, डोळे बारीक करून पारख करतो आणि निकाल देतो: ‘उभी बरी राह्यली. पन आवाज कसा असन?’ मग मांडवापाशी जाऊन आज रात्री जवळपास कुठल्या गावी नाटक आहे याची चौकशी करतो. हंगाम संपत आलेला असतो, त्याला घाई असते.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर नाटक जरूर बघा. चादर न्या, तिकीट वेळेवर काढा. शौकिनाच्या शेजारी मात्र बसू नका; खलनायक कोण आहे ते तो पहिल्या अंकातच सांगतो.