स्वारातीममधले स्वामी

“सुनंदे, हळद उलटीपालटी केलीस का ग? आभाळ येऊ लागलंय.”

“करायलेच, काकू. सकाळपासून पोराच्या विद्यापीठाच्या फॉर्मपायी डोकं उठलंय. स्वारातीम, स्वारातीम! त्या नावातले हे स्वामी रामानंद तीर्थ कुठल्या मठाचे हो?”

“कशाचा मठ घेऊन बसलीस? हेडमास्तर होते ते.”

“भगव्या कपड्यात?”

“मग! संन्यास घेतला की माणूस हिमालयाची वाट धरतो. हे आपले वर्गातच. मूळचे व्यंकटेश खेडगीकर, १९०३ सालचा जन्म. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी, त्यांचे चिटणीस होते. तब्येतीनं दगा दिला अन् हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. तिथून अंबाजोगाईला, योगेश्वरी शाळेवर.”

“निजामाच्या राज्यात?”

“तेच तर! वरचं शिक्षण बहुतेक उर्दूत. सभा भरवायची तर सरकारची परवानगी. अशात मराठी शाळा चालवायची म्हणजे गंमत नव्हती बाई. १९३८ ला स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तर सत्याग्रहात स्वामीजी! गेले जेलात.”

“मग कॉलेज कधी काढलं?”

“१९४८ ला संस्थान मोकळं झालं, १९५० ला नांदेडात पीपल्स कॉलेज. त्याआधी आपल्या पोरांनी पदवीसाठी हैदराबाद गाठायचं. शेतकऱ्याच्या पोराला कुठलं झेपतंय ते? पुढं खासदारही झाले स्वामीजी. पण मला विचारशील तर सगळ्यात मोठं काम ते कॉलेज. कुरुंदकर गुरुजी तिथंच प्राचार्य होते की!”

“नरहर कुरुंदकर? ते तर लई विद्वान.”

“विद्वानच. पण इंटरला नापास झालेले. आधी शाळेत मास्तर, एम.ए. मागून केलं.”

“हळू बोला काकू, पोरगं आत हाय! आधीच अभ्यासाच्या नावानं बोंब.”

“ऐकू दे. नापास झाले तरी पुस्तक खाली ठेवलं नव्हतं त्यांनी, हेही ऐकू दे. १९८२ ला गेले तेही औरंगाबादला, भाषणाच्या मंचावर.”

“अन् आताचे संस्थाचालक बघा. अध्यक्ष म्हणलं की आधी फार्महाऊस, मग डोनेशन, मग जावयाची नेमणूक. शाळेला मात्र पत्रे.”

“नाव घेऊ नको बाई, भिंतीला कान असतात.”

“मी कुठं घेतलं?”

“घेतलं नाहीस. पण मघापासून त्यांच्या गच्चीकडंच बघायलीस.”