गुंता करण्याची आणि सोडवण्याची शास्त्रोक्त पद्धत

साहित्य: एक शिलाई मशीन (वर्षभर त्यावर कुंडी आणि विजेची बिलं ठेवलेली असल्यास उत्तम), जुनं रीळ, उद्या सकाळच्या हळदीकुंकवाला लागणारा ब्लाउज आणि सल्ला द्यायला घरातली किमान दोन माणसं. ब्लाउज पुढच्या आठवड्यात लागणार असेल तर सहसा गुंता होत नाही, म्हणून मुहूर्त नीट निवडा.

टीप मारायला घ्या. चार बोटं कापड पुढे सरकलं की मशीन घरघरेल आणि अडेल. कापड ओढून पाहा, ते येणार नाही. वरून टीप सरळ दिसेल, कौतुक करावं अशी. खाली मात्र दोऱ्याचं जंजाळ झालेलं असेल.

आता दोषी ठरवा. गुंता खाली आहे, खाली बॉबिन आहे, तेव्हा दोष बॉबिनचा. डबी बाहेर काढा. तिच्यावर एक इवलासा स्क्रू असतो, तो पिळा. फरक पडला नाही तर उलटा पिळा. तरीही पडला नाही तर इतका पिळा की तो निघून फरशीवर पडेल आणि कपाटाखाली जाईल. इथपर्यंत आलात म्हणजे नवशिक्यांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला. मशीन दुरुस्त करणाऱ्यांचे संसार या स्क्रूवर चालतात.

ज्यांना खरोखरच शिवायचं आहे, त्यांनी एक प्रयोग करावा. वर लाल दोरा, बॉबिनला पांढरा, आणि एका चिंधीवर टीप. खालचं जंजाळ लाल निघेल. याचं कारण असं: सुई खाली जाऊन वर निघते तेव्हा वरच्या दोऱ्याचा फास सोडते. खालचा फिरता आकडा तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवतो. मग मशीनच्या तोंडाशी वरखाली नाचणारी दांडी उरलेला दोरा वर खेचून घेते. तो वर खेचला गेला नाही, की प्रत्येक टाक्याचा ढिला दोरा खाली साचतो. अर्थात गुन्हा वरचा, पंचनामा खालचा. कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला हे जड जाऊ नये.

एलायस हाउ यांनी 1846 साली अमेरिकेत दोन दोऱ्यांच्या टिपेच्या मशीनचं पेटंट घेतलं. त्याआधी हाताने शिवणाऱ्याला एका वेळी एकाच दोऱ्याचा गुंता करता येत असे.

वरचा दोरा ढिला का राहतो? नव्वद टक्के, असं म्हणायचा मोह होतोय, पण मोजलंय कुणी? बहुतेक वेळा तो ओवतानाच चुकलेला असतो. कापड दाबणारं पाऊल खाली ठेवून ओवला, तर टेन्शनच्या दोन चकत्या घट्ट मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मधे न शिरता वरच्या वर राहतो. म्हणून पाऊल वर करूनच ओवायचं. मग पाऊल खाली टाकून सुईपाशी दोरा ओढून बघा: हाताला ओढ लागली पाहिजे. सुळकन आला तर पुन्हा ओवा. नाचणाऱ्या दांडीचं भोक सुटलं असेल तरी हाच प्रकार होतो. कापड जाड असलं की पाऊल टाकायचंच राहून जातं, आणि ते लक्षातही येत नाही. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवावीत, नाहीतर पहिल्याच टाक्याला ती खाली ओढली जातात. पायमशीनवर आणखी एक सोय आहे. चाक आपल्याकडे फिरायला हवं. ते उलटं फिरलं की गुंता हमखास. शिवणक्लासमध्ये आधी दोरा न ओवता कागदावर टिपा मारायला लावतात, त्याचं हे एक कारण.

सुई उलटी बसली तर? लांब खाच असते त्या बाजूने दोरा आत गेला पाहिजे, चपट्या बाजूने बाहेर. चष्मा लावून बघा.

गुंता सोडवताना कापडाला हिसका देऊ नका; सुई वाकते, आणि वाकलेली सुई पुढचा गुंता स्वतःच करते. चाक हाताने फिरवून सुई वर घ्या, पाऊल उचला, कापडाखाली कात्रीचं टोक सरकवून दोरे कापा. डबी काढून आतली लव जुन्या टूथब्रशने साफ करा. या टप्प्याला सासूबाई म्हणतील, ‘‘तेल घाल.’’ बरोबर आहे, पण मशीनचं, एखादाच थेंब. खोबरेल घातलंत तर ते थंडीत थिजेल आणि मशीनही. यजमान मोबाइलवर व्हिडिओ लावून देतील. त्यातलं मशीन वेगळ्या जातीचं असेल.

एवढं करूनही रात्रीचे बारा वाजले असतील तर ब्लाउज हातात घ्या आणि बारीक धावदोरा घाला. डाव्या बाजूची शिवण असेल तर चिंता नाही, ती पदराखाली जाते. उजव्या बाजूची असेल तर सेफ्टी पिन आतून लावा, आणि वाण घेताना हात फार वर करू नका.